नव्याण्णव टक्क्यांची मिजास

बसा. टाळ्या पुरेत. गुणवंतांचा सत्कार झाला, पेढे वाटून झाले, मुलं बाहेर पटांगणात गेली. अध्यक्ष म्हणाले, आता बाईंनी आशीर्वादपर दोन शब्द बोलावेत. आशीर्वाद ज्यांना द्यायचे त्यांना देऊन झाले. उरलात तुम्ही: पालक, शिक्षक, संस्थेचे सभासद आणि मुंबईहून मुद्दाम आलेले देणगीदार. यातल्या निम्म्यांना मी गणित शिकवलंय, त्यामुळे अहो-जाहो जमेल तेवढंच करीन. मागच्या बाकावरचा तो मोबाईल आधी खिशात जाऊ दे.

चौक्याहून धामापूरला येताना तिठ्यावर तुमचा बॅनर बघितला. निकाल १०० टक्के. खाली पहिल्या पाचांचे फोटो आणि त्यांच्या दुप्पट मोठे फोटो पदाधिकाऱ्यांचे. पेपर नक्की कोणी लिहिले, असा प्रश्न परक्या माणसाला पडेल.

निकालाचा अभिमान मलाही आहे. कोकण मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीत आपला विभाग राज्यात पहिला येतोय. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, आपला ९८.८२. पण मी गणिताची बाई. वजाबाकी केल्याशिवाय मला राहवत नाही. शंभरातला जो एक उरतो त्याचं तुम्ही काय करता? नागपूर विभागात त्याच परीक्षेत शंभरातले नऊ नापास झाले. तिथल्या पोराला रडायला सोबती तरी मिळतात. आपल्याकडे अख्ख्या वाडीत तो एकटा. आजी चार दिवस शेजारी जात नाही, बाप मुंबईहून फोन करतो आणि ‘नाक कापलंस’ म्हणून ठेवून देतो, आणि तिठ्यावर वर्गातल्या पोरांचे फोटो वाऱ्यावर फडफडत असतात. जून-जुलैत फेरपरीक्षा असते, २०१५ पासून आहे, वर्ष वाया जात नाही. हे सांगायला निकालाच्या दिवशी संध्याकाळी तुमच्यातलं कोण त्याच्या घरी गेलं? हात वर करा. राहू दे, नका करू.

आणि तुमच्या त्या शंभर टक्क्यांची गोष्ट मला सांगू नका. नववीच्या शेवटी ज्याला ‘तुझं काही खरं नाही, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भर’ म्हणून वाटेला लावतात, तो शाळेच्या पटावरून गेला की निकालातूनही जातो. सगळ्याच शाळा हे करतात असं मी म्हणत नाही. ज्या करतात त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळलंय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तू आमच्या आकड्यात बसत नाहीस असं सांगायचं आणि मग तो घरात कोणाशी बोलत नाही म्हणून नवल करायचं!

बरं, सगळं खापर मार्कांवर फोडून मोकळे होऊ नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. परीक्षेतल्या अपयशाच्या नावावर त्या वर्षी नोंदले गेलेले मृत्यू २,२४८. उरलेल्या बहुतेकांचा पास-नापासाशी कागदोपत्री काही संबंध नाही. पेढे खाणारी मुलंही त्यात असणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांतले निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. चौदावं म्हणजे आपली आठवी-नववी. म्हणजे हे सगळं तुमच्या वर्गात, तुम्ही हजेरी घेत असताना सुरू होतं.

आठवीतलं एक चेडू सांगते. नाव, गाव विचारू नका. रोज दुसऱ्या तासाला तिचं पोटात दुखायचं. शाळेत ओवा दिला, घरी लिंबूपाणी दिलं, शेवटी कुडाळला नेऊन सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल आला. आईला हायसं वाटलं आणि पोरीला धपाटा मिळाला, ‘खोटारडी मेली’ म्हणून. तिची वही मी बघितली. पानाच्या पहिल्या ओळीत उत्तर लिहायचं, खोडायचं, पुन्हा तेच लिहायचं, पुन्हा खोडायचं. खोडरबराने कागदाला भोक पडलेलं आणि खालच्या पानावर शाईचा डाग. अशी पानंच्या पानं. दुसऱ्या तासाला काय होतं, एवढं विचारायला कोणाला सुचलं नव्हतं. त्या तासाला चाचणीचे मार्क वरून खाली मोठ्याने वाचले जात, आणि शेवटचं नाव तिचं असे. पोटात खरंच दुखत होतं तिच्या. मन दुखलं की या वयात पोट दुखतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हे तालुक्याचा कुठलाही चांगला डॉक्टर सांगेल. पण विचारायला आपण गेलं पाहिजे ना.

तुमच्याकडे उत्तरं तयार असतात. ‘बाईंनू, काय्येक नाय ओ, नुसती नाटकां.’ ‘मोबायलान वाट लावल्यान.’ ‘वयच तसला.’ आणि तिन्हींनी भागलं नाही की, बाहेरचं काहीतरी लागलंय. देवळात कौल लावा, भगवतीला गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही, मीही घालते. पण त्याच गाडीने पुढे ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची सरकारी गोष्ट आहे, किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. ती बोर्डावर छापायला काढलेली नाहीत. पाय मोडला तर रातोरात पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल गाठता, तेव्हा कोण काय म्हणेल असं मनात येत नाही. पोरगं महिनाभर जेवत नाही, झोपत नाही, ‘माका कायच करूक बरां वाटणा नाय’ म्हणतं, तेव्हा मात्र ‘रत्नागिरीक धाडूचा लागतला’ अशी थट्टा करता. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव शिवीसारखं वापरून तुम्ही मुलांना काय शिकवलंत? त्रास झाला तर तोंड उघडायचं नाही, एवढंच.

आता माझे विद्वान सहकारी. खाली बघू नका, फळ्याकडेही बघू नका, तिथे काही लिहिलेलं नाही.

मी कडक होते आणि आहे. गृहपाठ न करणाऱ्याला मी कधी सोडलं नाही, उशिरा येणाऱ्याची गय केली नाही. धाक लागतो. पण चुकीबद्दल बोलायचं तर वहीवर बोट ठेवून बोलावं, पोराच्या जातीवर, बापाच्या दारूवर, बहिणीच्या हुशारीवर कशाला जाता? ‘तुझ्या आवशीन तुका कित्याक शाळेत धाडल्यान?’ असं चाळीस मुलांसमोर विचारणं याला शिस्त म्हणत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी करतं. छडी कपाटात ठेवलीत आणि जिभेला धार लावलीत, म्हणजे कायदा पाळला असं होत नाही.

तुमचं गाऱ्हाणं मला पाठ आहे. बाई, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोज कसली ना कसली ऑनलाइन माहिती, वर दोन पदं रिकामी. मुलांची मनं सांभाळायची कधी? खरं आहे. यातला एक शब्द मी नाकारत नाही. म्हणूनच एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुमच्यातल्या काहींना हायसं वाटेल आणि संस्थावाल्यांच्या पोटात गोळा येईल.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ नावाची संस्था आहे. १९९६ मध्ये सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. या लोकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांवर ‘सेहेर’ नावाचा मोठा अभ्यास केला. सत्तरच्या वर शाळा, नववीची मुलं. काही शाळांत ‘सेहेर मित्र’ म्हणून बाहेरून एक माणूस नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, पदवीचा ढीग असलेलाही नव्हे, साधा प्रशिक्षण दिलेला माणूस. काही शाळांत तेच प्रशिक्षण देऊन तेच काम शाळेतल्या शिक्षकावर सोपवलं. काही शाळांत दोन्ही नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. बाहेरचा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. जिथे शिक्षकावर काम टाकलं, तिथे काही न केलेल्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही.

कळलं काय ते? शिक्षक वाईट होते असं नाही. मला विचाराल तर, सकाळी जो मार्क कापतो त्याच्याजवळ दुपारी रडायला कोण जाईल? आणि ज्याच्या डोक्यावर आधीच सतरा कामं आहेत त्याच्या डोक्यावर अठरावं ठेवलं तर ते रजिस्टरातच पूर्ण होणार. म्हणून ‘आमचे वर्गशिक्षकच समुपदेशक आहेत’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. वर्गशिक्षकाने मूल बदललंय हे ओळखायचं आणि योग्य हाती पोचवायचं. ऐकून घ्यायला दुसरा माणूस हवा, ज्याच्या हातात लाल पेन नाही आणि ज्याच्याकडे वेळ आहे.

त्या बिहारच्या शाळांतही एक पेटी होती. मुलांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव न घालता चालेल. आपल्याकडेही तक्रारपेटीचा सरकारी आदेश आहे, शाळोशाळी पेट्या लागल्यात. एका शाळेतली मी उघडायला लावली. शाळा कुठली ते माझं मला ठाऊक. कुलूप गंजलेलं, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही, शेवटी शिपायाने स्क्रू काढले. आत चॉकलेटच्या चांद्या, एक मेलेली पाल आणि घडी घातलेला एक कागद. पावसाची ओल लागून अक्षरं फुटलेली. पहिला शब्द तेवढा वाचता आला: ‘सर’. पुढचं गेलं. तो कागद टाकणारं मूल आता कुठे आहे ते तुम्ही शोधा, मी मुख्याध्यापकांना तिथेच सांगून आले. नालंद्यात पेटीबरोबर ती उघडणारा माणूसही नेमला होता, इथे नुसती पेटी ठोकून बिल मंजूर केलं.

आता कायद्याचं ऐका, कारण प्रेमाने सांगितलेलं तुम्हाला लागत नाही. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी गेली, त्यातून उभा राहिलेला खटला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिपाई-कारकुनांसकट, वर्षातून दोनदा प्रशिक्षण. गुणांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत मानहानी करणं टाळायचं. मदतीचे क्रमांक ठळक अक्षरांत लावायचे. संसद किंवा विधिमंडळ कायदा करेपर्यंत हे बंधनकारक आहे.

अध्यक्ष हळूच हसले. ‘आपला पट शंभराच्या आत आहे बाई’, हेच ना? ठाऊक होतं मला. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी शाळांचा तसा आहे, अर्धं गाव मुंबईला पांगलेलं. पण पुढची ओळही वाचा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून ठेवायची. रीतसर म्हणजे कागदावर. कुठल्या डॉक्टरकडे, कुठल्या वारी, कोणी न्यायचं, गाडीभाडं कोण देणार. ‘गरज पडली तर बघू’ ही जोडणी नव्हे. आणि एका शाळेला परवडत नसेल तर चार शाळांनी मिळून एक माणूस ठेवा, आठवड्याचा एकेक दिवस वाटून घ्या. २०२० चं शैक्षणिक धोरणही शाळांच्या समूहाने समुपदेशक वाटून घ्यावा असंच म्हणतं. नाटकाच्या मंडपासाठी चार वाड्या एकत्र येतात, यासाठी काय धाड भरते?

भिंती बघितल्या मी तुमच्या. सुविचार आहेत, थोरांची चित्रं आहेत, पंख्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव आहे. १४४१६ कुठे आहे? टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलांसाठीचा १०९८ कुठे आहे? दहा ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन म्हणून पाहुणा आणता, मुलांना दोन तास उन्हात बसवता, फोटो अपलोड करता, झालं वर्षाचं काम.

पालकांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. धामापूरचा तलाव बघायला पर्यटक आला की तुम्ही तोंडपाठ सांगता: १५३० साली विजयनगरच्या राजवटीतल्या नागेश देसाई मांडलिकाने बांधला, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाच शतकांपूर्वीचं सगळं ठाऊक. घरातलं पोरगं कालपरवा कोणाबरोबर जेवलं, कधीपासून नदीवर पोहायला जायचं बंद झालं, रात्री किती वाजता झोपतं, हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघता. याच गावात ‘स्यमंतक’सारखा प्रयोग चालतो, हाताने काम करत शिकणं काय असतं ते बघायला लांबलांबची माणसं येतात. तुम्ही कधी आपल्या मुलाला घेऊन तिथवर चालत गेलात? बाप मुंबईत असेल, घरी आजी-आजोबा असतील, समजतं मला. पण बापाने फोन केल्यावर पहिला प्रश्न ‘किती पडले?’ हाच कशाला हवा?

आणि आता कान देऊन ऐका, पुढचं दोनदा सांगणार नाही. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, एकदम गप्प झालं, तर सरळ विचारा: जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्याने ते डोक्यात भरतं ही खुळी समजूत आहे. विचारा, ऐका, मध्ये बोलू नका, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलीस येतील म्हणून झाकून ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. आणि मुलाने जे सांगितलं त्यात कोणा मोठ्या माणसाचा घाणेरडा हात असेल, तर गावकी बसवून मिटवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तो माणूस शिक्षक असो, मानकरी असो की सख्खा काका. इथे कोणी चुळबूळ केली ते मी बघितलंय.

अध्यक्ष, आता कामाचं. जिन्याखालची ती खोली, जिच्यात मोडके बाक आणि स्नेहसंमेलनाचे पडदे कोंबलेत, ती रविवारपर्यंत रिकामी करा. दोन खुर्च्या, एक माठ, दाराला आतून कडी नको, पडदा चालेल. शेजारच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी मी स्वतः लिहिते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाला द्यायचं पत्र सचिवांनी उद्या लिहायचं, पोच घ्यायची आणि ती पोच मला दाखवायची. १४४१६ रंगाने लिहायला पेंटर आणू नका, नववीच्या मुलांना ब्रश द्या, त्यांच्या हातून लिहिलेला त्यांच्या लक्षात राहील. देणगीदारांपैकी ज्यांना पुढच्या वर्षी पंखा द्यायचा असेल त्यांनी पंख्याऐवजी समुपदेशकाचा एका महिन्याचा पगार द्यावा. नाव कुठे लावू, ते विचारू नये.

आणि तो तिठ्यावरचा बॅनर आज संध्याकाळी उतरवा. सचिव, कागद-पेन काढा. पत्राचा मायना सांगते.